बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मुलांनी भूशास्त्रात एमएस्सी, पीएचडी कुठं करावी? आसपासच्या सोयी आणि प्रयोगशाळा

जांभादगड

नमस्कार मंडळी. बीएस्सीचे निकाल लागले की आपल्या भागातली मुलं आणि त्यांचे आईवडील हमखास विचारतात, भूशास्त्रात पुढं काय आहे आणि त्यासाठी कुठं जायचं? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहितो. मी खानापूर तालुक्यातला, भूजलाच्या कामात आहे. जिथं माझी माहिती थांबते तिथून जाणकारांनी पुढं न्यावं.

आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. भूशास्त्र शिकायला बेळगावइतकी चांगली जागा देशात फार थोड्यांच्या वाट्याला येते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिलात तर पायाखाली दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जांबोटी-कणकुंबीकडं गेलात की त्याच बेसाल्टवर जांभ्याची टोपी. उलट दिशेनं गोकाकला गेलात की लाव्हा संपतो आणि कलादगी खोऱ्याचा क्वार्टझाइट लागतो, वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. गोकाकच्या धबधब्याच्या अलीकडं उन्हाळ्यात खडक उघडा पडतो, तेव्हा पट्ट्या-पट्ट्यांवर हात फिरवून बघा: उथळ पाण्यातल्या लाटांनी वाळूवर काढलेल्या वळ्या बोटांना लागतात, जशाच्या तशा दगड झालेल्या. आणखी खाली धारवाडच्या बाजूला गेलात तर अडीचशे-तीनशे कोटी वर्षांचे नाइस आणि शिस्ट, म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं रूप बदललेले खडक. म्हणजे सकाळी एसटीनं निघून संध्याकाळपर्यंत घरी परत येणाऱ्याला पृथ्वीच्या इतिहासाचे तीन वेगळे अध्याय दिसतात.

रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं १८७६ साली दक्षिण महाराष्ट्र मुलुखाच्या भूरचनेवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी मोठा ग्रंथ लिहिला, तो मुलुख म्हणजे आपलाच. याच माणसाला गोकाकजवळ नदीच्या गाळात नामशेष झालेल्या गेंड्याची हाडं सापडली होती. आपल्या शाळांत हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता जागांबद्दल. बेळगाव मध्यभागी धरा.

धारवाड: कर्नाटक विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग. आपल्याला सगळ्यांत जवळचा, जुना आणि रुळलेला. सकाळच्या गाडीनं जाऊन-येऊन करणारी मुलंही असतात, पण या विषयात वसतिगृहात राहिलेलं बरं. फील्डचे आणि प्रयोगशाळेचे तास घड्याळ बघून संपत नाहीत.

गोवा: ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ, तिथं उपयोजित भूशास्त्र आणि सागरी विज्ञान दोन्ही. शिवाय दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र.

कोल्हापूर-कऱ्हाड: शिवाजी विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरणशास्त्र. कऱ्हाडजवळ हजारमाचीला बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी. कोयनेचं खोल वेधन करणारी ती हीच.

पुणे: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, आगरकर संशोधन संस्था, आयसर, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आणि माणूस व माती एकत्र अभ्यासायची असेल तर डेक्कन कॉलेज.

आणि खुद्द बेळगावात: राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडक प्रादेशिक केंद्र. मुख्य संस्था रुडकीला, पण कठीण खडकातल्या पाण्याचा अभ्यास करायला त्यांनी १९८७ पासून बेळगाव निवडलं. गावातल्या निम्म्या लोकांना ही इमारत कशाची हे ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की आधी मोठं नाव शोधू नका. आपल्याला कोणता खडक, कोणतं पाणी, कोणता प्रश्न आवडतो ते ठरवा आणि त्या प्रश्नासाठी लागणारं यंत्र व माणूस कुठं आहे ते बघा. मग जागा आपोआप ठरते.

सौ_निपाणी

दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. माझी मुलगी बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भौतिक, रसायन, गणित. भूशास्त्र कधी शिकलेलीच नाही, पण दोन वर्षांपासून तेच डोक्यात आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या भागाचं जे झालं ते तिनं शाळेत असताना बघितलं, तेव्हापासून नदी आणि पाणी हाच विषय. कॉलेजात चौकशी केली तर भूशास्त्र विषय नसेल तर एमएस्सी मिळत नाही म्हणून सांगितलं आणि विषय संपला. खरंच दार बंद आहे काय? घरात आम्ही कुणी एवढं शिकलेलं नाही, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला.

जांभादगड

ताई, अर्धं खरं आहे. निव्वळ भूशास्त्राच्या एमएस्सीला बहुतेक ठिकाणी बीएस्सीला भूशास्त्र हा विषय लागतोच, कारण खनिजं आणि जीवाश्म ओळखण्याचा पाया तिथं पुन्हा शिकवत बसत नाहीत. पण भौतिक आणि गणित असलेल्या मुलीला भूभौतिकी, म्हणजे जिओफिजिक्स, हा सरळ रस्ता आहे. याबद्दल मंचावर माझ्यापेक्षा चांगलं सांगणारं कुणीतरी आहे. @वक्रीभवन, दिसताय काय?

वक्रीभवन

आहे आहे. ताई, मीही पीसीएम घेऊनच बीएस्सी झाले, सध्या भूभौतिकीत पीएचडी करते. मूळ गाव हुक्केरीकडं.

भूभौतिकी म्हणजे जमिनीच्या पोटात न जाता वरून मोजमाप करून आतलं ओळखणं. भूकंपाच्या लहरी, गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक, चुंबकत्व, जमिनीत वीज सोडून मोजलेला रोध. गावात बोअर मारण्याआधी चार खिळे रोवून वायरी जोडून जे तपासतात, तेही याच शास्त्रातलं. त्यामुळं पाण्याची आवड असलेल्या पीसीएमवाल्या मुलीला हे अगदी जवळचं आहे.

एमएस्सी जिओफिजिक्स विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठात, हैदराबादला उस्मानियात, बनारसला बीएचयूत आहे. कोचीनच्या कुसाटमध्ये सागरी भूभौतिकी. आयआयटीत मुंबई, खरगपूर, रुडकी आणि धनबादची आयएसएम. आयआयटीसाठी जॅम ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची. ती फेब्रुवारीत असते आणि अर्ज त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावे लागतात. इथंच आपली मुलं चुकतात, निकाल लागल्यावर चौकशी सुरू करतात आणि तोवर दारं मिटलेली असतात. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करायचा. पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा, ६० प्रश्न. त्यातले काही बहुपर्यायी, काहींना एकाहून जास्त उत्तरं बरोबर, काहींत थेट आकडा लिहायचा. आकडा लिहायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, त्यामुळं तिथं हात सैल सोडायचा.

कोणत्या आयआयटीच्या कोणत्या कोर्सला कोणता पेपर आणि बीएस्सीचे कोणते विषय चालतात याचा तक्ता जॅमच्या माहितीपुस्तिकेत दरवर्षी छापतात. तो तक्ता मुलीनं स्वतः वाचावा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

सौ_निपाणी

तुम्ही हुक्केरीच्या म्हटल्यावर धीर आला बघा. राहण्याचं काय केलंत? एकटी मुलगी विशाखापट्टणमला म्हटलं की घरचे दचकतात.

वक्रीभवन

माझेही बाबा दचकले होते. वसतिगृह मिळालं की बहुतेक प्रश्न मिटतो. प्रवेशाच्या फॉर्मसोबतच वसतिगृहाचा फॉर्म असतो, तो "नंतर बघू" म्हणून ठेवायचा नाही. आणि फील्डला मुली जातात, राहतात, हातोडा चालवतात. आमच्या तुकडीत निम्म्या मुलीच होत्या. काळजी करू नका, ताई.

पातळकाप

मी सध्या धारवाडला एमएस्सी भूशास्त्र करालोय, दुसरं वर्ष. सगळे बाहेरचं सांगायलेत म्हणून जवळचं मी सांगतो.

आमच्याकडं शिकायला काय मिळतं ते एका उदाहरणात सांगतो. फील्डमधून दगड आणायचा, त्याची करवतीनं चिप कापायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या भुकटीत पाणी घालून हातानं घासत बसायचं. घासता घासता मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. क्वार्ट्झचे कण सुरुवातीला पिवळे, तांबूस, निळे दिसतात. ते फिकट करडे दिसायला लागले की समजायचं काप ०.०३ मिलिमीटर जाडीचा झाला. त्याच्यापुढं दोन हात जास्त मारले की काप गायब. कुठल्याही संगणकावर हे शिकता येत नाही. एकदा हात बसला की दगड तुमच्याशी बोलायला लागतो.

फील्ड तर दारातच आहे. सौंदत्तीचा क्वार्टझाइट, रामदुर्गचे डोंगर, बागलकोट-लोकापूरकडचे चुनखडक. कलादगीच्या चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून ठेवलेले घुमट. खालचे बागलकोट गटाचे थर तिरके झालेले आणि त्यांच्यावर बदामीचा वालुकाश्म जवळजवळ आडवा. मधल्या काळात डोंगर उठले आणि झिजून गेले, त्याची साक्ष त्या एका रेषेत आहे. परदेशातले लोक हे बघायला येतात आणि आम्ही एसटीनं जातो.

भाषेचं म्हणाल तर एमएस्सी इंग्रजीत आहे. मी मराठी शाळेतला, सुरुवातीला अडखळलो, पण वर्गात कानडी, उर्दू, मराठी सगळ्या घरांतली मुलं असतात आणि अडखळतात सगळेच. फील्डला कानडी आली की शेतकरी प्रेमानं विहीर दाखवतात.

तिलारी

@पातळकाप, छान लिहिलंस रे. पण एक विचारते, राग मानू नकोस. बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही एकाच विद्यापीठाच्या छायेत केलं तर पुढं दृष्टी अरुंद होत नाही काय? मी स्वतः गोव्याला गेले आणि समुद्र नावाची गोष्ट पहिल्यांदा कळली. आपल्या मुलांना सांगायचं तर एकदा तरी आपला पट्टा सोडा असंच मी म्हणेन.

पातळकाप

राग कसला मॅडम. पण सोडून जायला पैसे लागतात की ओ. आमचे आप्पा बीडीचा तंबाखू विकून शिकवायलेत. महिन्याला दोनदा घरी जाऊन तांदूळ-भाजी घेऊन येतो. बाहेर गेलो असतो तर पहिल्याच वर्षी सोडून आलो असतो. एमएस्सी इथं, पीएचडी बाहेर असं मी ठरवलंय. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, निघाली की पैशाचा प्रश्न मिटतो.

जांभादगड

दोघांचंही बरोबर आहे, आणि पातळकापनं जे ठरवलंय ते बऱ्याच घरांना झेपण्यासारखं आहे. जेआरएफबद्दल थोडं: सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये पाच विषय असतात, त्यातला एक पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान. तो पास होऊन जेआरएफ मिळाली की २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं वेगळं. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा त्यावर स्वतः शिकतो आणि घरीही पाठवतो, असे मी बघितलेत. गेटमध्येही भूशास्त्र-भूभौतिकीचा पेपर आहे, त्याचे गुण पीएचडीच्या मुलाखतीला बऱ्याच ठिकाणी चालतात.

तिलारी, गोव्याबद्दल तुम्हीच सविस्तर लिहा ना.

तिलारी

लिहिते. चोर्ल्याचा घाट उतरला की अडीच-तीन तासांत पणजी, म्हणजे बेळगावच्या माणसाला पुण्याहून जवळ. तरी आपली मुलं गोव्याला नोकरीसाठी जातात, शिकायला जात नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

गोवा विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेतं. उपयोजित भूशास्त्राला भूशास्त्राची मुलं. सागरी विज्ञानाला मात्र रसायन, जीव, भूशास्त्र अशा वेगवेगळ्या शाखांतली मुलं माझ्या वर्गात होती, कारण समुद्राला एकच शास्त्र पुरत नाही. ज्यांच्याकडं बीएस्सीला भूशास्त्र नाही त्यांनी हा रस्ता जरूर तपासावा.

दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली, सीएसआयआरची आहे. सिंधु साधना आणि सिंधु संकल्प ही त्यांची संशोधन जहाजं. जहाजावर आठवडेच्या आठवडे राहून समुद्रतळाच्या गाळाचे नळे काढतात. तीन-चार मीटरच्या गाळाच्या नळ्यात हजारो वर्षांचा पाऊस लिहिलेला असतो. गाळातल्या फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म कवचांचे ऑक्सिजन समस्थानिक मोजले की त्या काळात पावसाळा जोरात होता की कमजोर याचा अंदाज बांधता येतो. मी हे काम करते. एका ब्रशच्या टोकानं वाळूच्या कणाएवढं कवच उचलून काचेच्या पट्टीवर ठेवायचं, दिवसभर तेच. डोळे दुखतात, पण मलप्रभेच्या काठच्या माणसाला पावसाचा हजारो वर्षांचा हिशोब हातात धरायला मिळतो हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

वास्कोचं ध्रुवीय केंद्र तर वेगळंच जग. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधलं हिमाद्री, लाहौल-स्पितीतलं हिमांश ही सगळी ठाणी इथून चालतात. सागर कन्या हे जहाजही त्यांच्याकडं. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे नळे उणे २० अंशांच्या खोलीत ठेवलेत. बाहेर वास्कोचा घाम आणि आत जाड कोट घालून काम करणारी मुलं. खानापूरपासून रेल्वेनं काही तासांवर हे आहे हो!

दोन्ही संस्था एमएस्सीच्या मुलांना प्रबंधासाठी घेतात. आधी तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाचं काम वाचायचं, मग थेट ईमेल करायचा. "मला तुमच्या संस्थेत काम करायचं आहे" एवढंच लिहिलेल्या ईमेलला उत्तर येत नाही. "तुमचा अमुक लेख वाचला, त्यातला हा भाग मला कळला, हा कळला नाही, माझ्या भागात असं असं आहे" हे लिहा, उत्तर येतं.

कारवारकर

आमच्याकडचंही घ्या. कारवार, हल्याळ, सुपा-जोयड्याकडच्या मराठी मुलांना धारवाड आणि गोवा दोन्ही जवळ. शिवाय कारवारातच कोडीबागला कर्नाटक विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं पदव्युत्तर केंद्र आहे. भूशास्त्र नव्हे, पण किनारा आणि खाडी शिकायची असेल तर उत्तम. सागरी भूशास्त्र पाहिजे तर मंगळूर विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. सुरतकलच्या एनआयटीत पाणी आणि महासागर अभियांत्रिकी, ते सिव्हिलच्या मुलांसाठी.

पांढरीपेशी

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण कुणी नोकरीबद्दल बोलेना. माझ्या भाच्यानं भूशास्त्रात एमएस्सी केली आणि आता बँकेच्या परीक्षा देतोय. पालकांना स्वप्न दाखवताना हेही सांगा.

जांभादगड

अगदी योग्य प्रश्न. जागा मर्यादित आहेत हे खरं, आणि तयारीविना गेलेल्याला कठीण जातं. पण रस्ते कोणते आहेत तेच बहुतेकांना माहीत नसतं.

सगळ्यांत मोठी परीक्षा यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट. तिच्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि भूभौतिकतज्ज्ञ, आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक घेतात. पूर्वपरीक्षा साधारण फेब्रुवारीत, मुख्य जूनमध्ये, मग मुलाखत. वय २१ ते ३२, राखीव गटांना सवलत. आयएएसच्या मागं लागलेल्या लाखोंच्या मानानं इथं स्पर्धक फार कमी, कारण या विषयाची एमएस्सीच लागते. आपल्या भागातली मुलं या परीक्षेचा फॉर्मच भरत नाहीत. भाच्याला हे जरूर सांगा, वय असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

राज्य पातळीवर कर्नाटकचं खाण व भूविज्ञान खातं, तिथं कानडीची परीक्षा अनिवार्य. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. खासगीत खाणी, सिमेंट, बोगदे आणि धरणांची कामं, उपग्रह नकाशे. आपल्या इंडालच्या, म्हणजे आताच्या हिंडाल्कोच्या, अॅल्युमिनियम कारखान्याला बॉक्साइट लागतं, तेही कुणीतरी भूवैज्ञानिकच शोधतो आणि तपासतो.

चंदगडी

महाराष्ट्राचा विषय निघाला म्हणून. ज्यांचं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत येतं, त्यांनी कागदपत्रं आधीच तयार ठेवावीत. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अधिवासाऐवजी या गावांतल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला चालतो. सीईटीच्या प्रवेशात सीमाभागाचा वेगळा उमेदवार प्रकार आहे, त्याला मातृभाषा मराठी असल्याचा दाखलाही लागतो. मुलं ऐन वेळी धावतात. एका मुलाचा दाखला एका कार्यालयात नमुना चुकला म्हणून परत आला आणि तोवर प्रवेशाची फेरी होऊन गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीतच हे काम उरकून घ्या. एमएस्सीला कोणती सवलत लागू होते ते त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून लेखी विचारून घ्यायचं.

बोअरवाले_आण्णा

मी शिकलेला नाही, बोअरचा धंदा आहे, चाळीस वर्षं गाडी चालवतोय. पोरांनो, एक सांगतो. मांजऱ्या खडक लागला की पाणी लागायची आशा, काळा घट्ट पाषाण लागला की खाली नुसती धूळ. मध्ये तांबडा गेरूचा थर लागला की बोअर ढासळतंय, केसिंग घालायचं. हे मला अनुभवानं कळतं, पण असं का होतं हे मला कुणी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणी शिकून आलं तर आमच्यासारख्यांना चार गोष्टी सांगा. शेतकऱ्याचे पैसे वाचतील.

जांभादगड

आण्णा, तुमच्यासारखी माणसं म्हणजे आमचं चालतं-बोलतं ग्रंथालय आहे. कारण सांगतो. लाव्हा एकावर एक थरांनी वाहिला. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, पुढं त्यांत पांढरी खनिजं भरली, तो तुमचा मांजऱ्या. तो लवकर कुजतो, त्याला आडव्या भेगा जातात, म्हणून पाणी धरतो. थराचा मधला भाग सावकाश निवाला, घट्ट झाला, तिथं उभी फट असली तरच पाणी. दोन उद्रेकांच्या मध्ये जो काळ गेला त्यात वरचा खडक कुजून माती झाली आणि पुढच्या तापलेल्या लाव्ह्याखाली दबली, तो तांबडा गेरू. कोयनेच्या पायलट बोअरमध्ये असे थर ओलांडत सुमारे सव्वा किलोमीटर खाली गेल्यावर लाव्हा संपला आणि ग्रॅनाइट-नाइस लागला. ती बोअर पुढं ३ किलोमीटरपर्यंत गेली. आपल्याकडं लाव्ह्याची चादर कडेला आलीय, म्हणून ती इतकी जाड नाही.

पोरांनो, तुम्हीही ऐका. आण्णांनी प्रत्येक बोअरला किती फुटांवर काय लागलं आणि किती फुटांवर पाणी आलं हे वहीत लिहिलं असेल, तर ती एक वही एखाद्या एमएस्सी प्रबंधाला पुरेल.

बोअरवाले_आण्णा

वह्या हायत की. पोरगं डिझेलच्या हिशोबासाठी लिहीत होतं, त्याच्यातच फूट आणि दगड पण हाय. कुणाला पाहिजे तर येऊन बघा.

पातळकाप

आण्णा, मी येणार. माझा प्रबंधाचा विषय अजून ठरलेला नाही. मार्गदर्शकांना विचारून कळवतो.

कठीणखडक

बेळगावच्या जलविज्ञान केंद्राबद्दल थोडी भर. मी सिव्हिलवाला, तिथं प्रबंधाच्या वेळी काम केलंय. मातीत पाणी किती वेगानं मुरतं ते मोजणं, नदी-विहिरींच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण, घटप्रभा-मलप्रभा खोऱ्यांचे अभ्यास अशी कामं चालतात. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की कणकुंबीकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बेळगावात त्याच्या निम्म्याहून कमी आणि अथणी-रामदुर्गकडं पाच-सहाशे. एकाच जिल्ह्यात अतिवृष्टी आणि दुष्काळ. जलविज्ञानाला असं खोरं मिळणं भाग्याचं. सिव्हिल, भूशास्त्र, भूगोल कुठल्याही बाजूनं आलात तरी तिथं काम आहे. पुढं रुडकी आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

भूगोलवाल्यांसाठी: राणी चन्नम्मा विद्यापीठात भूगोलाचा पदव्युत्तर विभाग आहे. सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात उपयोजित भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि भूमाहितीशास्त्र एकाच छताखाली. कलबुर्गीच्या केंद्रीय विद्यापीठातही भूशास्त्र आणि भूगोल, तिथं सीयूईटी-पीजीनं प्रवेश.

घरबसल्या: भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर आपल्या तालुक्याचा भूशास्त्रीय नकाशा फुकट बघता येतो. इस्रोचं भुवन आहे. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर भूशास्त्राचे कोर्स आहेत. आणि तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, ती बीएस्सीच्या मुलांनाही मिळते.

निपाणी_लेक

नमस्कार. आईनं हा धागा दाखवला, म्हणून खातं उघडलं. @वक्रीभवन ताई, जॅमचा तक्ता वाचला. मी भूभौतिकीसाठी भौतिकशास्त्राची तयारी करते आणि सोबत गोव्याच्या सागरी विज्ञानाचाही अर्ज भरते. @जांभादगड काका, एक विचारायचं होतं. अजून वर्षभर हातात आहे. गावात आमच्या आणि शेजारच्यांच्या मिळून बऱ्याच विहिरी आहेत. त्यांच्या पाण्याची पातळी मोजून ठेवली तर काही उपयोग होईल काय? आणि मोजायची कशी?

जांभादगड

बाळ, नक्की होईल. साधनं फार लागत नाहीत. एक मोजपट्टी, तिच्या टोकाला वजन, आणि एक वही.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरव, तिथं रंगानं खूण कर आणि दरवेळी तिथूनच मोज. जमिनीपासून कठडा किती उंच आहे ते एकदा मोजून लिही, म्हणजे नंतर जमिनीपासूनची खोली काढता येते. मोटार चालू असताना किंवा बंद केल्या केल्या मोजायचं नाही. पहाटे, रात्रभर उपसा बंद असताना मोज. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा मोजतं: जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. तूही तेच महिने धर, जमलं तर दर महिन्याला. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घे. विहीर किती खोल, कोणत्या थरातून झरे येतात, उन्हाळ्यात कधी आटते हे मालकाला विचारून लिही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर विहिरीच्या भिंतीतले थर उघडे पडतात, त्यांचे फोटो काढ आणि मांजऱ्या किती फुटांवर, गेरू किती फुटांवर ते आण्णांना दाखवून नोंदव. एकटी विहिरीवर वाकायला जाऊ नकोस, कुणाला तरी सोबत घे.

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की आकडे इथंच टाक. आलेख कसा काढायचा ते कठीणखडक आणि मी सांगू.